अर्जुनाला दिलेलं आवतण

चौतीस वर्षं जंगलात नोकरी केलेल्या माणसाला नागपूरच्या डॉक्टरने औषध म्हणून जंगलच सांगितलं, तेव्हा माझी बायको कोकिळा तिथेच हसली. डॉक्टर तरुण होता. त्याला वाटलं, बाईंना सल्ला आवडला.

माझा उजवा कान वाजतो. मागच्या दिवाळीत हे सुरू झालं. आत रातकिडा बसल्यासारखं किर्र चालू असतं, दिवसा कमी, अंथरुणावर पडलं की जास्त. तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाला, "काका, हा आवाज पूर्ण जाईल असं मी सांगत नाही. पण रोज झाडांमध्ये जाऊन बसा. पानांचा, पाखरांचा आवाज ऐका. निसर्गाशी नातं जुळलं की मन शांत होईल आणि झोप लागेल." झोपेसाठी मी काहीही करायला तयार होतो. चार-पाच महिन्यांत माझा पार भुगा झाला होता. भांड्याला भांडं लागलं तरी कोकिळेवर ओरडायचो. एकदा जेवताना ताट फेकलं. तिने सांडलेलं वरण पुसून घेतलं आणि दुसरं ताट वाढलं. ते मी जेवलो, याची मला अजून लाज वाटते.

मी अण्णाजी ढोले, निवृत्त वनरक्षक. वर्धा जिल्ह्यातल्या कारंज्यात हायवेच्या अलीकडे घर आहे. जुनी माणसं मला अजून नाकेदारच म्हणतात. नोकरीतली निम्मी वर्षं बेहडखेडीच्या जंगलात गेली. फिरून फिरून बदली तिथेच व्हायची. घरापासून मोटारसायकलने वीस मिनिटं.

तिथेच जाऊन बसलो. नातं कसं जुळवायचं ते डॉक्टरने सांगितलं नव्हतं. एका सागाला टेकलो आणि समोरच्या सागाचा घेर अंदाजला. नव्वद सेंटिमीटर. त्याच्या शेजारचा एकशे दहा. मग एक ताजं थुट दिसलं, कुऱ्हाडीने तोडलेल्या सागाचा उरलेला बुंधा, फार तर आठ दिवसांपूर्वीचं. कोणी तोडलं असेल, कोणत्या वाटेने नेलं असेल, याचा छडा लावत तासभर बसलो. पाखरं बोलत असावीत. आठवडा असाच गेला. जंगलात फुकटची ड्यूटी करायची आणि घरी येऊन चिडायचं.

"चौतीस वर्षं काय डोळे बांधून फिरले का तुमी तिथं?" कोकिळा म्हणाली.

"डोळे उघडे होते म्हनून तं नोकरी टिकली."

"मंग पंचफुलाबाईले इचारून पाहा. दुर्गेशची माय. पहिले ते झाडपाल्याचं औषध देत होती. तुमाले काई नाई म्हननार नाई ते."

ती मला नाही म्हणणार नाही, याची मलाही खात्री होती. तिचा मुलगा माझ्यामुळे जिवंत आहे, असं मी सत्तावीस वर्षं सांगत आलो होतो. नव्या साहेबांना, पाहुण्यांना, चहाच्या टपरीवर, निवृत्तीच्या निरोप समारंभात माईकवरूनसुद्धा सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

गोष्ट अशी. अठ्ठ्याण्णव साली त्या भागात झाडांच्या साली सोलून नेण्याचे प्रकार वाढले होते, म्हणून मी पहाटेची गस्त घालायचो. एके दिवशी उजाडता उजाडता नाल्याच्या वाटेवर एक बाई कोयता घेऊन निघालेली दिसली. पंचफुला. बेहडखेडीतल्या गोंड घरातली, तेव्हा विशी-बाविशीची. अडवून विचारलं तर म्हणाली, पोराला हगवण लागली आहे, अर्जुनाची साल आणायला चालले. कोणत्या झाडाची, म्हटलं. आधी सांगेना. मी दरडावलं, तेव्हा म्हणाली, नाल्याच्या उतारावरच्या जोड-खोडाच्या अर्जुनाची. मी तिला नाक्यावर आणून बसवलं. साहेब येतील, ते ठरवतील, असं सांगितलं. साहेब त्या दिवशी आले नाहीत. संध्याकाळी मी तिला सोडलं. इकडे बायको परत येत नाही म्हणून तिचा नवरा पुनाजी वर्षाच्या पोराला घेऊन ट्रकने वर्ध्याला गेला. सलाईन लागलं, पोर वाचलं. मी अडवलं नसतं तर बाई सालीचा काढा पाजत बसली असती आणि पोर हातचं गेलं असतं. इथे मी थांबायचो. ऐकणारे मान डोलवायचे.

तो पोर म्हणजे दुर्गेश. आता टेम्पो चालवतो. दर वर्षी दिवाळीच्या आधी न चुकता माझ्या घरी टोपलीभर सीताफळं आणून देतो. उपकार विसरला नाही, असं मी कोकिळेला दर वर्षी ऐकवायचो.

एप्रिलच्या सुरुवातीला बेहडखेडीला गेलो. पंचफुला अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. पुनाजी गेल्याला सहा वर्षं झालीत. घरात ही माणसं गोंडी बोलतात, आमच्याशी मराठी. नोकरीत असताना मी तिला 'ए बाई' म्हणायचो. पेन्शनीत गेल्यावर माणूस आपोआप 'तुम्ही'वर येतो.

तिने खाट टाकली, पाणी दिलं. मी कानाचं सांगितलं. तिने सगळं नीट ऐकलं. कोणत्या कुशीवर जास्त वाजतो, तेही विचारलं. मग म्हणाली, "मी औषध देत नाई आता, साहेब."

"काऊन?"

"बंद केलं. दुर्गेश बिमार होता ना, तवापासून."

ती फुलं पसरत राहिली आणि बोलत राहिली. आवाजात राग नव्हता. शेजारणीला भाजीचं सांगावं तसं सांगत होती. झाडाचं औषध घ्यायचं असेल तर त्याला आदल्या संध्याकाळी आवतण द्यावं लागतं. बुडाशी चार दाणे तांदूळ, चिमूटभर हळद ठेवायची. कोणासाठी काय पाहिजे ते सांगायचं आणि म्हणायचं, उद्या सकाळी येतो. मग सकाळी जायचंच. पाऊस असो, ताप असो, जायचं. आणि कोणत्या झाडाला बोलावलं, ते घरीदारी कोणाला सांगायचं नाही. तिला हे तिच्या आईने शिकवलं होतं.

"मी त्याले सांगून आलती, सकायी येतो म्हनून. तुमी बसवून ठेवलं. मंग पोरगा दवाखान्यात, पंधरा दिवस तिथंच गेले. आली तवा काय तोंड दाखवू? ते वाट पाहून राह्यलं असन. एकाले बोलून गेली नाई, तं दुसऱ्याले कोन्या तोंडानं आवतन देऊ?"

"अन् तवापासून औषध बंद?"

"औषध बंद. ते वाटही बंद. बाजाराले वरच्या टेकडीवरून जातो मी. लंबी पडते, पन बरी."

वरच्या टेकडीची वाट मला माहीत आहे. जाऊन-येऊन दीड कोस जास्त पडतो, आणि चढ आहे.

"तुमाले औषध पाह्यजे असन तं एक करा," ती म्हणाली. "तुमीच त्याच्यापाशी जा. त्याले सांगा, बाई निघालती, मीच अडवलं. तुमालेच सांगतलं होतं मी, कोनतं झाड ते. दुसऱ्या कोनाले माईतच नाई. तुमी सांगून या, मंग मी पाहतो तुमच्या कानाचं."

मी "जातो" म्हणालो आणि ती आणखी काही विचारण्याआधी उठलो.

कारण ते झाड तिथे नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी बेहडखेडीच्या नाल्यावर बांध घालून तलाव झाला. बुडणाऱ्या जागेतली झाडं आधी मोजून, शिक्का मारून तोडायची होती. ते काम माझ्याकडे होतं. जोड-खोडाच्या त्या अर्जुनाला मीच शिक्का मारला. छातीच्या उंचीखाली फुटलेलं झाड आमच्या हिशेबात दोन झाडं धरतात. त्याचे नंबर एकशे अठरा आणि एकशे एकोणीस. असले आकडे मी विसरत नाही. तलाव झाला हे पंचफुलाला माहीत होतं, पण पाणी उतारापर्यंत चढलं की नाही, हे पाहायला ती त्या बाजूला गेलीच नव्हती. कोणतं झाड ते तिने दुसऱ्या कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून तिला येऊन कोणी सांगणारही नव्हतं. सांगू शकणारा एकटा मी होतो.

दोन दिवस मी हे पोटात ठेवलं. खोटं बोलणं फार सोपं होतं. जाऊन आलो, सांगितलं, द्या औषध. कोकिळेने विचारलं तर तिच्यावरही खेकसलो. कान नेहमीपेक्षा जास्त वाजत होता, असं वाटलं. कदाचित मीच जास्त ऐकत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेलो. एप्रिलमध्ये पाणी आटून मध्याला जातं आणि कडेची थुटं चिखलातून वर येतात. एकशे अठरा सापडलं. त्याच्याच अंगाला एकशे एकोणीस. पाण्यात राहून लाकूड काळं पडलं होतं, पण टणक होतं. बुडाशी शिक्क्याची खूण बोटाला लागली. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. साठी ओलांडलेला माणूस थुटाशी बोलतो आहे, हे कोणी पाहावं अशी माझी इच्छा नव्हती.

"बाई येनार होती," मी म्हणालो. "मी अडवलं तिले."

एवढंच बोललो आणि मला एक गोष्ट आठवली. आठवली म्हणण्यापेक्षा, ती कायम आठवतच होती, फक्त मी ती कधी सांगत नव्हतो. त्या दिवशी दुपारपर्यंत पंचफुलाचा पदर छातीशी ओला झाला होता. पोर अंगावर पीत होतं. मी ते पाहिलं होतं आणि खुर्ची वळवून बसलो होतो. साहेब येणार नाहीत, हे मला दहा वाजताच कळलं होतं. वायरलेसवर निरोप आला होता. तरी संध्याकाळपर्यंत मी तिला सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर सकाळी उगाच अडवलं असं दिसलं असतं. बस्स, इतकंच कारण होतं. माईकवर हे मी कधी बोललो नाही.

चिखलात किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. एक बगळा दहा हातांवर येऊन उभा राहिला. त्याचा घेर मी अंदाजला नाही, एवढं खरं.

तिथून थेट पंचफुलाकडे गेलो. खाटेवर बसलो नाही.

"ते झाड नाई तिथं," मी म्हणालो. "पंधरा वर्षं झाले. तलावात जात होतं, म्हनून तोडलं. शिक्का मीच मारला."

तिच्या हातात मोहफुलांची ओंजळ होती. ती तिने हळूच परत चादरीवर सोडली.

"पंधरा वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"म्हंजे पंधरा वर्षापासून कोनीच वाट पाहून नाई राह्यलं."

"नाई."

"अन् मी टेकडीवरून चालली." तिने बोटांना चिकटलेलं एक फूल झटकलं. "तुमाले माईत होतं, नाकेदार साहेब."

"होतं."

"मंग सांगाचं होतं."

 तिने मला कधी विचारलं नाही, हे खरं. पण मीसुद्धा माझी गोष्ट सगळ्या तालुक्याला ऐकवली आणि तिला एकदाही विचारलं नाही, की बाई, त्या दिवशी तुझं काय झालं. मला वाईट वाटलं. माफी मागावी असं वाटलं, पण तोंड उघडेना. चौतीस वर्षं लोकांनीच माझी माफी मागितली होती. उलट्या बाजूची सवय नव्हती.

तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडली नव्हती. चादरीचं एक टोक सारखं केलं आणि म्हणाली, "कान वाजते त्याचं औषध मले माईत नाई. पोटाचं माईत आहे, हाडाचं माईत आहे. कानाचं असतं तं त्याच दिवशी सांगतलं असतं, देत नाई पन आहे म्हनून. तुमी आता खरं सांगतलं, म्हनून एक सांगतो. तुमच्या घराजवळचं एक झाड धरा. संध्याकाळी जा, त्याले सांगा, उद्या येतो. अन् सकायी जा."

"साल आनाची का पाला?"

"काई नाई आनाचं."

"मंग जाऊन कराचं काय?"

"बोलून आले ना? म्हनून जाचं."

हे काही औषध वाटलं नाही. पण मी नागपूरच्या डॉक्टरचं ऐकलं होतं, मग हिचं का नको. घरामागे शेताकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी एक बेहडा आहे. तो धरला. पहिल्या संध्याकाळी अवतीभवती कोणी नाही असं पाहून पुटपुटलो, उद्या येतो. सकाळी गेलो, घेर मोजला, परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला. एका दिवसात वाढायला तो काही शेअर बाजार नव्हता.

पण एक गोष्ट घडायला लागली. पहाटे चारला जाग आली तरी पूर्वीसारखं छताकडे पाहत कानातलं ऐकत बसायचं कारण राहिलं नाही. उजाडलं की कुठे तरी जायचं होतं. कोणी तरी, म्हणजे काही तरी, तिथे होतं आणि मी येतो म्हणून सांगितलेलं होतं. मेमध्ये बेहड्याला फूल आलं, उग्र वासाचं. चौतीस वर्षांत मी बेहड्याची फळं कितीदा जप्त केली असतील, फुलाचा वास कधी घेतला नव्हता. पावसाळ्यात छत्री घेऊन जायचो. कोकिळा म्हणायची, "इतक्या वक्तावर तं तुमी माह्या माहेरी कधी आले नाई."

ऑगस्टमध्ये एका सकाळी झाडाखाली बसलो होतो. वर किडे किर्र करत होते आणि कानात माझा किडा. बराच वेळ लक्ष देऊन ऐकलं, पण आतला कोणता आणि बाहेरचा कोणता, ते कळेना. मग मी ते शोधणं सोडून दिलं. त्या दिवशी दुपारी दोन तास झोपलो. उठलो तर कोकिळा हळूच भांडी लावत होती. "आपट ना बिनधास्त," मी म्हणालो. कान आजही वाजतो. डॉक्टरचं म्हणणं खरं निघालं, आवाज गेला नाही. मला मात्र बरं वाटतं. याहून जास्त काही सांगता येणार नाही.

पंचफुलाकडे त्यानंतर मी गेलो नाही. ती आता तलावाकाठच्या खालच्या वाटेने बाजाराला येते, असं ऐकलं. बरं वाटलं, पण जाऊन चार शब्द बोलणं जमलं नाही. एप्रिल गेला, पावसाळा गेला, आणि न बोललेलं तसंच राहिलं.

ऑक्टोबरच्या मध्याला दुर्गेशचा टेम्पो दारात थांबला. नेहमीप्रमाणे टोपली ओट्यावर ठेवून तो पाणी प्यायला. मी त्याला बसवलं. कोकिळा दारात होती, तिच्यासमोरच बोललो.

"दुर्गेश, तुह्या मायले मी त्या दिवशी बिनाकारन बसवून ठेवलं होतं. साहेब येनार नाई, हे मले दहा वाजताच समजलं होतं. तू भुका असशीन हेही दिसत होतं. तू वाचला तो तुह्या बापामुळं. मी इतके वर्षं भलतंच सांगत आलो."

दुर्गेशने पेला खाली ठेवला. "माईत आहे, काका. आई लहानपनापासून तसंच सांगते."

"तुले माईत होतं?"

"पूर्न गावाले माईत आहे."

मी टोपलीकडे पाहिलं. पिकायला आलेली, एकसारखी, निवडून आणलेली फळं होती. खाली पळसाची पानं अंथरलेली होती.

"मंग हे कायले आनते दर साली?"

त्याला प्रश्नाचं नवल वाटलं. "पहिल्यांदा आनले होते ना मी, अकरावीत असताना? तवा तुमी म्हनले, पुढच्या सालीही आनजो. मी हो म्हनलो. अन् दर साली तुमी म्हनता, पुढच्या साली येजो. एखाद्या साली मी कंटाळा करतो, तं आई निघाले लावते. म्हनते, बोलून आला ना तू? जाय मंग. तो मानूस वाट पाह्यत असन."

कोकिळेने पदर तोंडाला लावला.  अकरा-बारा वर्षं मी त्या टोपलीला उपकाराची फेड समजत होतो. ती फेड नव्हती. अर्जुनाला जे द्यायचं राहून गेलं, तेच ती बाई मला देत आली होती. येतो म्हटलं की येणं. आणि तेही मला, ज्याने तिला अडवलं त्याला.

दुर्गेश उठला. टेम्पोचं दार उघडून उभा राहिला आणि सवयीने थांबला. आता मी दरवर्षीसारखं 'पुढच्या साली येजो' म्हणेन, याची तो वाट पाहत होता.

"तुह्या मायले सांगजो," मी म्हणालो, "उद्या सकायी मी येतो म्हनून."

"काई काम होतं का?"

"बोलाचं राहून गेलं."

तो बरं म्हणाला आणि गेला. संध्याकाळी बेहड्याकडे गेलो. उद्या जरा उशीर होईल, आधी बेहडखेडीला जायचं आहे, असं त्याला सांगितलं. घरी येऊन जेवलो. कोकिळेने सकाळसाठी धुतलेला सदरा खुंटीला अडकवून ठेवला होता. 

तिथे जाऊन नेमकं काय बोलायचं, ते सकाळी मोटारसायकल काढतानाही ठरलं नव्हतं. पण सांगून बसलो होतो, तेव्हा निघालो.